तिसऱ्या गाण्यातली सतरा सेकंदं

प्रिय ताई, आणि तुझ्यासकट अशा तमाम लोकांनो, ज्यांना आपण जे केलंच नाही त्याचं कौतुक गप्प उभं राहून ऐकावं लागतं,

साष्टांग नाही, पण मान बऱ्यापैकी खाली घालून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला? चष्म्याच्या दुकानात नजर तू तपासतेस आणि गिऱ्हाईक फ्रेमची तारीफ करून निघून जातं, हे आईकडून कळलं. संताप आला. (आई तुझं सगळं मला सांगते आणि माझं तुला. आपण दोघी दोन वर्षं बोलत नाही, याचा खरा ताण तिच्या घशावर आहे.) पण बाई, तुझं दुःख निदान काचेमागचं आहे. माझं चव्हाट्यावर आलं आहे.

तू गेल्यावर मी आपल्या खोलीचा स्टुडिओ केला. म्हणजे खिडकीला गादी टेकवली, दोरीवर पांघरुणं टांगली आणि कपाटातले तुझे राहिलेले कोट बाजूला सारून मधोमध माईक उभा केला. फ्रीज गुणगुणतो म्हणून त्याची पिन काढली. गाणं झकास झालं, पिन लावायची राहिली, आणि पुढचे दोन दिवस घराने वितळलेलं सगळं भराभर संपवलं. बाबा जिन्यात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला ते "आत रेकॉर्डिंग चालू आहे" असं इतक्या खणखणीत आवाजात कुजबुजत की पाचव्या गाण्यात त्यांचं ते वाक्य माझ्यापेक्षा स्वच्छ ऐकू येतं. खालच्या शिंपीकाकांचं मशीन मात्र मी बंद करायला सांगितलं नाही. कष्टकऱ्याचं यंत्र कलावंताने थांबवू नये, हे माझं तत्त्व आहे. (ते त्यांना समजावून सांगायला वीस मिनिटं लागली, तेवढा वेळ मशीन बंद होतं.) शेवटी तिसऱ्या गाण्याचा ताल मी त्या मशीनलाच लावून घेतला. दोरा तुटला की मीही थांबायचे.

तिसरं गाणं म्हणजे आपलं ते, "आत कोण आहे?" तुला आठवत असेलच, कारण ते जन्मलं तेव्हा तू न्हाणीघरात होतीस आणि मी बाहेर टॉवेल घेऊन, शाळेला उशीर होत असताना, दार बडवत होते. मी चार ओळी विचारायच्या आणि तू आतून म्हणायचं, "मी आहे, थांब जरा." लोकगीताच्या चालीवर गिटार चढवून पुढे आपण तेच गाणं गावोगाव विकलं. तर कपाटात उभी राहून मी माझ्या चार ओळी म्हटल्या, आणि सवयीने गप्प झाले. सतरा सेकंदं. गिटार चालू, मशीन चालू, आणि तुझ्या जागी कोणी नाही. नंतर ती जागा भरू म्हटलं. स्वतःच दुसरा आवाज लावून पाहिला. ऐकताना वाटलं, बाई आरशाशी भांडते आहे. ते पुसलं आणि जागा तशीच ठेवून अल्बम लोकांपुढे मांडला.

आणि ताई, लोकांना नेमकं तेच आवडलं. एका समीक्षकाने लिहिलं की प्रश्नाला उत्तर न देण्याचं हे धाडस गेल्या कित्येक वर्षांत कोणी केलं नव्हतं. दुसऱ्याला त्या मौनात माणसाचा आत्मा दाराबाहेर ताटकळताना दिसला. (ताटकळत होते मी, आणि आत्म्यापेक्षा मला घाई होती.) कार्यक्रमात ती सतरा सेकंदं आली की लोक डोळे मिटतात. मागे एक गृहस्थ हुंदके देऊन रडले. मुलाखतीत मला विचारलं, हे मौन कसं सुचलं? तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. त्याऐवजी मौनावर पंचवीस मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. घरी येऊन जेवले नाही.

माझ्या बोलण्याने काय होतं हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? तू दुकानात नोकरी धरणार हे मला आपल्या त्या शेवटच्या कार्यक्रमाच्या आदल्याच दिवशी कळलं होतं. चार मिनिटांच्या गाण्याआधी मी अकरा मिनिटं भाषण ठोकलं, आणि भरल्या सभेत म्हणाले, "काही जणांचा गळा दुकानाच्या कुलपात मावतो." तू शेजारी उभी होतीस. तू ते गाणं पूर्ण गायलीस, एक सूर हलला नाही. मग तुझी वायर नीट गुंडाळलीस आणि म्हणालीस, "तू गा. मला सकाळी दुकान उघडायचंय." जगातल्या प्रत्येक अन्यायावर माझ्याकडे भाषण आहे, मी केलेल्यावर एकही नाही.

आता एक छोटी कंपनी या अल्बमची तबकडी काढते आहे. तबकडी कापण्याआधी आवाज शेवटचा नीटनेटका करणारे एक गृहस्थ आहेत, अत्यंत अरसिक. पुस्तक वाचत नाहीत, मौनाचं तत्त्वज्ञान त्यांना ठाऊक नाही. त्यांनी तिसरं गाणं दोनदा ऐकलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "इथे कोणी यायचं राहिलंय का?"

ताई, इतक्या लोकांत हा एकच माणूस ऐकत होता. मला काही बोलताच आलं नाही. (हे आईला सांगू नकोस, ती डॉक्टरांना बोलावेल.) त्यांनी शुक्रवारपर्यंत थांबायचं कबूल केलंय. नंतर ती रिकामी जागा तबकडीत कोरली जाईल आणि मग ती कायमची धाडसी ठरेल.

असो. तू सुखात राहा. मला काही नको, मी सहज लिहिलं.

तुझी,
भोंगा

ता. क. १ : सहज लिहिलेलं नाही. सहा कागद फाडले, हा सातवा. तो कुलपाचा विषय वरच्या पानावर ओझरता आटोपला आहे, चुकलं माझं. यापुढे प्रस्तावना नाही.

ता. क. २ : ते गाणं मी आजही तुझ्या पट्टीत गाते. मला ती झेपत नाही. माझ्या ज्या आवाजाला समीक्षक "दुखरा" म्हणतात तो त्यामुळेच. पट्टी उतरवली तर तू परत आल्यावर तुला खाली पडेल, म्हणून ठेवली.

ता. क. ३ : दुकानात नजर तपासायची खोली आहे ना, दार लागणारी? गुरुवारी गिऱ्हाईक नसेल तेव्हा तिथे फोन समोर ठेव, आपली ओळ गा आणि पाठवून दे.