करंट पत्र्यातच होता, दादा

प्रिय दादा,

आज अकोल्यात मी रमेशभाऊचं मनगट मोडलं. हो, त्याच रमेशभाऊचं! ज्याच्या दुकानातून तू कॉम्प्युटरचा सगळा माल आणायचास, आणि जो घरी आला की आईकडे मागून भाकरी खायचा. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून लिहायला बसले.

तू गेलास तो दिवस आठवतो का रे तुला? अंजनगावच्या भाजीच्या अडतीवरचा कॉम्प्युटर सुरू होता होता बंद पडत होता. त्यातला पॉवर सप्लाय तूच नुकताच नवा बसवलेला. तू रॅम पुसून लावलीस, हार्ड डिस्क बदलून पाहिलीस. पॉवर सप्लायच्या डब्यावर शेवटपर्यंत संशयच घेतला नाहीस! नवाकोरा आहे, तो कशाला बिघडेल? मग एका हातानं खिडकीची लोखंडी जाळी धरून दुसऱ्या हातानं कॅबिनेट पुढे ओढलंस. अडत्या सांगतो, तू ओरडलाही नाहीस. दातखीळ बसली, बोटं पत्र्याला चिकटली. मेन स्विच पाडेपर्यंत तळहात जळाला होता.

तो तळहात आईनं पाहिला आणि ती कपाळ भिंतीवर आपटायला लागली. बायांनी धरून ठेवलं तेव्हा थांबली.

आणि रमेशभाऊ मयतीत सगळ्यांदेखत काय म्हणाला? "पायात चप्पल नोती त्याच्या. ओल्या फरशीवर असं कोनी काम करते काय?" लोकांनी माना डोलावल्या. आपल्या परतवाड्यात घरोघर तेच झालं, प्रमोद आपल्याच चुकीनं मेला. पुढे आईसुद्धा तुझ्या फोटोवर ओरडायची, "काहून काढली रे चप्पल?"

मलाही राग आला तुझा. खरंच, कशाला काढलीस? पण तूच शिकवलं होतंस ना, एकेक वस्तू बाजूला काढत जायची, उरेल तो चोर? पंचनाम्यानंतर अडत्यानं तो कॉम्प्युटर आपल्या घरी पाठवून दिला तेव्हा मी तो तुझ्या टेबलावर मांडला. पायात रबरी चपला घातल्या, एक हात पाठीमागे ठेवला. पॉवर सप्लाय बाहेर काढून एकटाच लाकडी पाटावर ठेवला, बटण दाबलं आणि त्याच्या पत्र्याला टेस्टर टेकवला.

दिवा लागला! वरच्या पत्र्यात करंट, दादा, जिथे कुणीही सहज हात लावतं!

वायर काढून, आत साठलेला करंट उतरावा म्हणून डबा तसाच राहू दिला आणि दुसऱ्या दिवशी उघडला. आतली एक वायर झाकणाच्या कडेखाली चेंगरून सोलली होती. आणि अर्थिंगची हिरवी वायर? ती स्क्रूखाली कसलेलीच नव्हती, नुसती लोंबत होती. तेवढी कसलेली असती तर फ्यूज उडाला असता आणि तू शिव्या देत घरी आला असतास.

मी झाकण होतं तसं लावलं आणि आज डबा घेऊन अकोल्याला गेले. रमेशभाऊच्या मागच्या लोखंडी रॅकवर तसलेच डबे रचलेले होते. गिऱ्हाइकांसमोर मी म्हणाले, "या डब्यानं माह्या भावाले मारलं. असले विकलेले सगळे परत मागवा."

"तुले काय समजते यातलं? सीलबंद माल आहे. माही बदनामी करून राहिली!" त्यानं दंड धरून मला ढकललं. काउंटरच्या कोपऱ्यावर आपटून माझा ओठ फुटला. "पाह्य, मीच हात लावून दाखवतो." त्यानं वायर लावली, बटण दाबलं. डावा हात रॅकवर होता. उजवा पुढे यायला लागला.

दादा, मी ओरडले नाही. क्षणभर नुसती पाहत राहिले. लाव हात, म्हटलं मनात. बसू दे तुझीही दातखीळ. पाहू दे तुझ्या बायकोला तुझा तळहात!

बोटं पत्र्याजवळ पोचली तेव्हा मी लाकडी स्टूल उचललं आणि होती तेवढ्या ताकदीनं त्याच्या मनगटावर हाणलं. हाड कडकन मोडलं. तो बोंबलत खाली बसला. नोकरानं माझे केस धरून मला मागे खेचलं. केस त्याच्या मुठीत, तरी मी टेस्टर पुढे नेऊन पत्र्याला टेकवला.

"पाहा!"

दिवा लागला. केसांवरची मूठ सैल झाली.

रमेशभाऊ कितीतरी वेळ त्या दिव्याकडे पाहत राहिला. मी घरी फोन लावून त्याच्या तोंडासमोर धरला. मोडलेला हात मांडीवर घेऊन तो म्हणाला, "माय, तुह्या पोराची चूक नोती. माह्या मालातच खोट होती."

पलीकडून आई म्हणाली, "मंग माह्या पोराले बदनाम काहून केलं रे?"

दवाखान्यात जायच्या आधी रमेशभाऊनं नोकराला गिऱ्हाइकांना फोन करून विकलेले डबे परत मागवायला बसवलं. मी रॅकवरचे डबे एकेक तपासले. ज्याच्या पत्र्यावर दिवा लागला तो बाहेर नेऊन हातोड्यानं ठेचला. दुपारभर ठेचत होते. राग काही कमी झाला नाही.

त्याला मी वाचवलं की मारलं? विचारू नकोस, मलाच सांगता येत नाही.

पण एक शब्द देते. हिवरखेडपासून अंजनगावपर्यंत जिथे जिथे तू असला डबा बसवलास, तिथे मी स्वतः जाईन आणि तो काढून आणीन. तुझ्या हातानं लावलेल्या वस्तूनं दुसऱ्या कुणाचं घर उजाडू देणार नाही. रमेशभाऊला माफ कर, एवढं मात्र माझ्याकडे मागू नकोस दादा. ते मी करणार नाही.

तुझी धाकटी,
योगी