चालू आहे का रे ही?

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार आणि दाजींना उभ्यानेच (नव्या गाडीची सीट चौदा प्रकारे हलते, नवव्या प्रकारात माझी पाठ धरली). तुमच्या तब्येती ठणठणीत असतील, असं धरून चालतो. हे पत्र दारासमोर गाडीत बसून लिहितोय, कारण घरात अप्पा आहेत आणि त्यांच्या कानावर पडेल म्हणून फोन करता येत नाही. मघापासून तीनदा उतरलो आणि तीनदा परत बसलो. इंजिन चालू आहे की बंद, हे मला आत्ताही सांगता येणार नाही.

नव्या गाडीबद्दल तक्रार अजिबात नाही. जुन्या गाडीतून निघायचं म्हणजे घरभर कामं वाटलेली असायची, आठवतं ना? आईने चोक ओढून धरायचा, तू आणि मी मागून ढकलायचं, आणि एकदाची सुरू झाली की अप्पांनी बॉनेटमध्ये डोकं घालून, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून तिचं दुखणं ऐकायचं. कुठल्याही समारंभाला आपण पोचायचो तोवर जेवणं उरकलेली असायची. ही नवी बटण दाबलं की निघते आणि वेळेवर पोचते, त्यामुळे आता भाषणंसुद्धा ऐकावी लागतात.

पहिल्याच दिवशी अप्पा शेजारी बसले आणि चाळीस किलोमीटर कान वाकडा करून गप्प. शेवटी म्हणाले, "चालू आहे का रे ही?" तेव्हा आम्ही ऐंशीच्या वेगात होतो. रविवारी हत्यारांची पेटी घेऊन त्यांनी बॉनेट उघडलं, तर आत काळं प्लॅस्टिकचं झाकण आणि त्यावर 'उघडू नये' अशी पट्टी. चाळीस वर्षं कारखान्यात फिटर म्हणून काढलेल्या माणसाला हे सांगायचं! त्यांनी बॉनेट लावलं आणि स्वच्छ हात सवयीने फडक्याला पुसले.

तेव्हापासून त्यांना चैन नाही. हातात पाना आणि समोर आमचं घर. नळ, बिजागऱ्या, खुर्च्या, कुकरची मूठ, सगळं आवळून झालंय. बाथरूमचं दार उघडायला दोन माणसं लागतात (एक आतून). साखरेची बरणी उघडून घ्यायला हिला शेजारी जावं लागतं. हसू नकोस. त्यांचं जेवण निम्म्यावर आलंय, दिवसभर नुसत्या येरझाऱ्या चालतात, आणि ताई, मला त्यांच्याबद्दल भीती वाटते. दाजींनी तुमच्याकडे आलेली आपली जुनी गाडी 'क्लासिक' म्हणून रंगवून, दुरुस्त करून ठेवली आहे आणि ती एका किल्लीत सुरू होते म्हणे (हे अप्पांना सांगितलेलं नाही). असो. आमची काळजी नसावी, सगळे मजेत आहेत.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. सगळे मजेत नाहीत. जुनी गाडी देऊन टाकायची घाई मीच केली, हे मान्य. तिला आवाज येतो, असं अप्पांना कळव. येत नसला तरी कळव.

दुसरा ता. क. 'खरखर' म्हणू नकोस, त्यावर ते फोनवरच उपाय सांगून मोकळे होतील. 'बारीक टकटक, तीही कधी येते, कधी नाही' असं म्हण. ती ऐकत बसावं लागतं, आठवडा सहज जातो.

तिसरा ता. क. अप्पा आत्ताच खिडकीशी आले आणि काय लिहितोस म्हणून विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, ताईच्या गाडीला टकटक येते. ते पेटी आणायला धावलेत, मिळेल त्या बसने तुझ्याकडे निघतायत, आणि हिला डबा नेहमीपेक्षा जास्त भरायला सांगितलाय. पाकीट चिकटवून पत्र त्यांच्याच हाती देतोय. त्यांचा चहा संपायच्या आत वाच आणि चाकाचा सोडून कुठला तरी एक नट सैल करून ठेव.