धाकट्या मामाचं पान

आई, काल सर्वपित्री अमावास्या झाली. शारजाच्या आमच्या गॅलरीत कावळे येतात, पण वड्याला चोच लावायला भारी नखरे करतात. तू असतीस तर हसली असतीस.

आपल्या माझगावच्या खोलीत हा दिवस बाबांचा असायचा. स्वतःच्या आईवडिलांबरोबर ते तुझ्या आईवडिलांचंही पान वाढायचे. चीनमध्ये नदीकाठी जन्मलेली ती दोघं, आणि त्यांच्यापुढे खीर, वडे, गवारीची भाजी! "सासूबाईंना गवार चालते की नाही, देव जाणे," बाबा म्हणायचे. एका वर्षी त्यांनी तुझ्या धाकट्या भावाचंही पान मांडलं. तू हातातली कढई आपटलीस. "तो मेला नाय, हरवलाय. हरवलेल्याला असं पान नाय वाढायचं." इतकी चिडलेली तू मला पुन्हा कधी दिसली नाहीस.

त्या दिवशीच तू सगळं सांगितलंस. बॉम्ब पडायला लागलेत, गावच्या गाव पळतंय. धक्क्यावर ही गर्दी, आणि धाकट्याचा हात तुझ्या हातात. तू बोटीच्या फळीवर पाय ठेवतेस, कुणाचं तरी गाठोडं मध्ये येतं, हात सुटतो. बोट निघते. तो रडतही नाही, हात वर करून नुसता उभा आहे. आजी त्या धसक्यानं गेली. आजोबा तुला घेऊन मुंबईच्या गोदीत सुतारकामाला आले. पुढे तू मराठी माणसाशी संसार केलास, पण गर्दीत माझं बोट कधी धरलं नाहीस. मनगटच धरायचीस, दुखेपर्यंत.

आता इथे शारजात रोल्लाच्या बाजारात मी नातीचं मनगट धरते. "आजी, यू आर हर्टिंग मी," ती कुरकुरते. मी सोडत नाही.

काल मुलगा ऑफिसला निघताना म्हणाला, "आई, तुझा मामा आज असता तर नव्वदीचा असता. खलास, आता किती वाट बघायची? वाढून टाक पान, त्यालाही शांती मिळेल."

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी पान वाढलं आणि गॅलरीच्या दारापर्यंत गेले. बाहेर बाबांच्या शेजारी तुझं पान होतं. तिकडे तुझी आणि मामाची भेट झाली असेल, तर मला कसं कळणार? आणि झाली नसेल तर? मला रडूच कोसळलं.

ते पान मी बाहेर ठेवलं नाही, आई. घरी येणाऱ्या पाहुण्याचं मांडतात तसं जेवणाच्या टेबलावर मांडलं, शेजारी पाण्याचा पेला ठेवला. आणि खरं सांगते, अन्न गार होईपर्यंत दाराकडे बघत बसले.