जिन्याला दार बसवू नये

मी, या कागदाच्या तळाशी सही करणारी, वयाने थकलेली पण डोक्याने ठणठणीत बाई, ही माझी अखेरची इच्छा स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. उलट घरातले म्हणतात, "आजी, पुरे आता, हात दुखेल." हात दुखत नाही. मला फार मजा येते आहे. जन्मभर माझं कोणी ऐकलं नाही, आणि वकीलसाहेब म्हणतात, या कागदावर लिहीन ते सगळ्यांना ऐकावंच लागेल. मग मी थोडक्यात कशाला आटपू? शाळा लवकर सुटली म्हणून अक्षर वेडंवाकडं आहे. वकिली शब्द साहेबांचे, बाकी सगळं माझं.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. आमच्या वेळी नर्सला मरायलासुद्धा रजा मिळत नसे.

कलम पहिले: माझी माणसे. यजमान गेले. जावई फिरतीच्या नोकरीवर, त्यांना यातलं काही नको, तसं ते तोंडाने बोलले आहेत. राहिल्या दोघी. एक माझी मुलगी, मोठ्या दवाखान्यात इन्चार्ज सिस्टर, जिच्या पावलांचा आवाज आला की अख्खा वॉर्ड सरळ होतो. दुसरी तिची मुलगी, माझी नात, त्याच दवाखान्यात नर्स. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण लहानपणी ती एका जागी ठरत नसे. आता मात्र ती बसते. त्याबद्दल पुढे लिहीन, त्याचाच मला सगळ्यात जास्त हेवा आहे.

हो, हेवा. वकीलसाहेब म्हणाले, "आजीबाई, हे कायद्याच्या कागदात कशाला?" मी म्हटलं, माझं पोट दुखतं ते माझ्या कागदात नाही लिहायचं तर कुठे लिहायचं?

कलम दुसरे: डॉक्टरांची खुर्ची. मी आधी आया म्हणून लागले. माझ्या हाताला वळण आहे म्हणून मेट्रनबाईंनी शिकवून मदतनीस नर्स केलं. वॉर्डात एकच लाकडी हातांची खुर्ची होती. ती डॉक्टरांची. डॉक्टर दिवसातून एकदा यायचे, तेही उभ्याने बोलून जायचे. पण आमच्यापैकी कोणी त्या खुर्चीला टेकायचं नाही. काचेच्या पिचकाऱ्या उकळा, सुया दगडावर घासून धार लावा, जखमेवरच्या जाळीच्या कापडाच्या घड्या घाला, सगळं उभ्याने. पायांच्या शिरा वर आल्या. पुढे वॉर्डात नवीन सामान आलं आणि खुर्ची अडगळीत निघाली, तेव्हा मी ती मागून घरी आणली. शपथेवर लिहिते, आजपर्यंत मी तिच्यावर बसलेली नाही. पुसते, आणि पुढे ढकलते. माझी मुलगी पण पुसते आणि पुढे ढकलते. आणि भिंगरी? घरात येते, पिशवी टाकते, त्या खुर्चीवर एक पाय वर घेऊन बसते आणि म्हणते, "आजी, चहा आहे का गं?"

मला वाटतं, हिच्या पाठीत धपाटा घालावा. आणि मला वाटतं, मी कधी अशी बसले असते का? दोन्ही एकदमच वाटतं.

सदर खुर्ची भिंगरीला द्यावी. तिच्याखेरीज ती कोणाला शोभतच नाही, हेच तर दुखणं आहे.

कलम तिसरे: कात्री, चिमटा आणि स्टीलचा डबा. ही माझी हत्यारे मुलीला. कात्री मेट्रनबाईंनी स्वतःच्या खिशातून काढून मला दिली होती. ती माझ्या जुन्या सोबतिणीला कायमची खुपते. त्या सोबतिणीला आम्ही इस्त्री म्हणायचो. दिवसभर वॉर्डात राबूनही तिच्या कपड्याला चुणी पडायची नाही. ती माझ्यापेक्षा जास्त शिकलेली, म्हणून बाटल्यांवरची नावं झरझर वाचायची, म्हणून औषधांची गाडी नेहमी तिच्याकडे, आणि भांडी घासायला मी. पण जाळीच्या घड्या माझ्याच सरळ. म्हणून कात्री मला मिळाली. परवा घरी आली तेव्हा म्हणाली, "तुझ्यानंतर ती कात्री कोणाला गं?" बघा, मी अजून चहा पीत होते!

वकीलसाहेबांकडून एक छान गोष्ट कळली. ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार, त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही, केली तर त्याचं मिळणं जातं. हे ऐकल्याबरोबर मी इस्त्रीला निरोप धाडला, की मला तुझ्यासारखी भरवशाची साक्षीदार दुसरी कोण मिळणार.

कलम चौथे: दागिने व बँकेतील शिल्लक. बांगड्या दोघींना एकेक. ड्युटीवर बांगडी चालत नाही, तेव्हा दोघीही घालणार नाहीत, पण भांडण नको. बँकेत जे असेल त्यातून आधी माझा दवाखाना आणि मागचं सगळं उरकावं, उरेल ते मुलीने घ्यावं आणि त्यातून स्वतःसाठी मऊ चपला घ्याव्यात. अशा चपला भिंगरी पहिल्या पगारात घेऊन आली. पायात ढग बांधल्यासारख्या. मुलीने नाक मुरडलं, "नर्स आहेस की फिरायला आलीस?" मी मात्र दोघी बाहेर गेल्यावर घालून बघितल्या.

कलम पाचवे: घर. हे कलम नीट वाचावे, यासाठीच बाकीचा सगळा पसारा.

घर यजमानांच्या आणि माझ्या पगारातून झाले, माझ्या एकटीच्या नावावर आहे. खाली स्वयंपाकघर आणि मोठी खोली, वर एक खोली आणि गच्ची. मधला लाकडी जिना थेट स्वयंपाकघरात उतरतो. वर कोण उठलं, कोण रडलं, कोण फोनवर हसलं, सगळं खाली कळतं. खाली मुलगी आणि मी, वर भिंगरी.

झालं असं. भिंगरीची सकाळची पाळी संपत होती. दुपारच्या पाळीची नर्स आली नाही. माझ्या मुलीने, म्हणजे इन्चार्ज सिस्टरने, तिला सांगितलं, "थांब, दुपारचीही कर." भिंगरी म्हणाली, "नाही. मी आठवडाभर डबल करतेय, हात थरथरतायत. अशा हाताने मी सुई टोचणार नाही." सगळ्यांसमोर. इन्चार्जला. आईला. आणि पिशवी उचलून घरी आली. दुपारची पाळी माझ्या मुलीने स्वतः केली, या वयात, आणि घरी आली ती पाय हत्तीसारखे घेऊन.

"आमच्या वेळी मेट्रनला नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती," मुलगी मला म्हणाली.

"मग तुमच्या वेळी चुका किती झाल्या तेही सांग की," वरून आवाज आला. जिन्यातून सगळं ऐकू जातं ना.

त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. माझ्या तोंडून बोलतात. "आई, तिला सांग दूध संपलंय." "आजी, तिला सांग मी आणलंय." मी काय टेलिफोन आहे? आणि मागच्या आठवड्यात सुतार आला. मुलीने बोलावलेला. जिन्याच्या तळाशी दार बसवून तो कायमचा बंद करायचा आणि वर जायला बाहेरून लोखंडी जिना. भिंगरी म्हणाली, "चालेल, तसंही मी दुसरीकडे नोकरी बघतेय." सुतार माप घेत होता आणि मला छातीत नाही, पण छातीजवळच कुठेतरी कळ आली.

ती कळ वाढली म्हणून मला वॉर्डात ठेवलं. भिंगरीच्याच वॉर्डात. तिथे मी काय पाहिलं ते लिहिते, कारण त्यावरच घराचं ठरलं.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, तिला भेटायला कोणी येत नव्हतं. भिंगरी स्टूल ओढून तिच्याजवळ बसली. चक्क बसली! तिच्या नखांना तेल लावत विचारत होती, "काकू, घरी कोण कोण? झोप लागते का?" मी सख्खी आजी, शेजारी पडलेली. मी कण्हून बघितलं. मोठ्याने कण्हून बघितलं. भिंगरी मान न वळवता म्हणाली, "आजी, तू नाटक करतेयस. आता काकूंची वेळ आहे, मग तुझी." त्या म्हातारीचा मला इतका राग आला, की तिला बरं वाटू नये असं एक क्षण मनात आलं. एकच क्षण. नर्सच्या मनात येऊ नये ते.

मग इन्चार्ज सिस्टर फेरीला आली. मला कसं वाटतंय हे तिने विचारलं नाही. माझ्या चादरीचा कोपरा मोडून परत घातला. पुढे गेली, परत आली, परत तोच कोपरा मोडून घातला. कोपरा पहिल्यांदाच बरोबर होता. मी पाय उचलून घालून घेतला. तो कोपरा मीच तिला शिकवला आहे. बसून बोलायला मला कोणी शिकवलं नव्हतं, तर तिला कुठून शिकवणार?

पाळी संपल्यावर भिंगरीने माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "आजी, मी चालले, उद्या येते." आणि गेली! सख्खी आजी खाटेवर असताना घड्याळ बघून गेली. दुसऱ्या दिवशी आली ती ताजी, हसरी, हात स्थिर. सुई टोचली ती मला कळलीच नाही. माझ्या मुलीची सुई पण चांगली, पण तिचा हात थकलेला असतो, ते मला लगेच समजतं.

माझा हेवा असा आहे. मुलीला सगळे सिस्टर म्हणतात, मला "ए मावशी" म्हणायचे. नातीला बसता येतं, नाही म्हणता येतं आणि त्यानंतर झोपही लागते. दोघींनी माझ्या पुढे जायचं असं मीच ठरवलं होतं, आणि त्या गेल्या तर मलाच जळायला होतं. असो. मी खूश आहे, आणि जळते पण आहे, आणि तरी डोकं ठिकाणावर आहे, हे साहेबांनी नोंदवावं.

म्हणून खालचा मजला मुलीला, वरचा मजला आणि गच्ची नातीला. जिना दोघींचा. त्या जिन्याला, वर, खाली किंवा मध्ये, कधीही दार बसवू नये. बाहेरून दुसरा जिना बांधू नये. जी बांधील तिचा हिस्सा दुसरीला जाईल. कात्रीसुद्धा.

पुरवणी: वरील सर्व मी आज दोघींना समोर उभं करून वाचून दाखवलं. पुढे जे झालं ते मृत्युपत्रात घालतात की नाही माहीत नाही. मी घालते.

मुलगी म्हणाली, "सगळं हिलाच दे. साक्षीदार म्हणून मी सही करते, म्हणजे मला काही येणारच नाही." आणि पेन उचललं.

भिंगरीने तिच्या हातातून ते काढून घेतलं. "आजी, मी सही करते. घर आईला राहू दे. मी कुठेही राहीन. तिचे पाय सुजतात, ती कुठे जाणार?"

"माझ्या पायांचं तुला काय पडलंय?"

"रोज बघते मी वरून. संध्याकाळी भिंत धरून चालतेस."

"बघतेस, मग बोलत का नाहीस?"

"तू बोलू देतेस? तुझ्या उशीखाली मलम कोण ठेवतंय मग? आजी?"

"मला वाटलं, आईच ठेवते," माझी मुलगी म्हणाली, आणि इन्चार्ज सिस्टरने डोळ्याला पदर लावला. मग दुसरीने पण लावला, स्वतःला पदर नाही म्हणून आईचाच.

बघा. मृत्युपत्र माझं, मरणार मी, आणि रडल्या एकमेकींसाठी. माझ्याकडे कोणी बघेना. फार वाईट वाटलं मला आणि इतका आनंद झाला, की मीच चहा टाकला.

तेवढ्यात इस्त्री आली. अंगावर एक चुणी नाही. खुर्ची बघून उभीच राहिली. भिंगरी म्हणाली, "बसा हो आजी," आणि खांदे धरून बसवलं. माझ्या खुर्चीवर. माझ्याआधी!

"कात्री मला नाही ना दिलीस?" तिने बसल्या बसल्या विचारलं.

"नाही."

"वाटलंच. म्हणूनच बोलावलंस." आणि चहा मागितला.

मी तिला उठवलं. "माझी सही आधी," म्हटलं, आणि मी स्वतः त्या खुर्चीवर बसले. हात लाकडावर ठेवले. चांगली आहे. पाठ टेकते. इतकी वर्षं उगाच पुसली.

वर लिहिलेले मी पुन्हा वाचले, ते माझ्या मनासारखे आहे, कोणी खोडू नये.

लिहून देणार: सही, आजी, वॉर्डातली जुनी मदतनीस नर्स (खुर्चीवर बसून)

साक्षीदार एक: सही, जुनी सोबतीण, निवृत्त नर्स (उभ्याने)

साक्षीदार दोन: सही, सुतार. याला मुद्दाम बोलावले आहे, म्हणजे उद्या दार बसवायला सांगितलं तर मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. घेतलेल्या मापाचा कागद त्याने आमच्यासमोर फाडला.

ठिकाण: राहते घर, खालची खोली.

तारीख: आजची. कॅलेंडरवर खूण केली आहे, कारण माझ्या मुलीने आज रजा घेतली आहे.

मुलगी व नात यांच्या सह्या नाहीत, कारण त्यांना मिळायचे आहे. त्या दोघी आता वर आहेत आणि दुपारच्या पाळीवरून पुन्हा भांडत आहेत. जिन्याला दार नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.