बाहेर बसलेला कॅप्टन

प्रिय आई,

चार वाजता शिफ्ट बदलेल आणि मला गेटसमोर उभं राहून खोटं बोलायचं आहे. म्हणून लिहितेय. पूर्वी असं काही अडलं की मी तुला फोन करायचे आणि तू सगळ्यात आधी विचारायचीस, "जेवली का?" आज जेवले नाही. डबा टेबलावर तसाच पडलाय. तू जाऊन वर्ष व्हायचंय अजून, बोटं आपोआप तुझा नंबर शोधतात.

काय झालंय ते सांगते. आमच्या स्टील मिलची तिसरी शिफ्ट पुढच्या महिन्यात बंद होणार आहे, फर्नेसवरची बरीच माणसं कमी होणार. वर ठरून गेलंय. पण हातात मोठी ऑर्डर आहे, ती निघेपर्यंत कोणी काम सोडून जायला नको. कामगारांचं सगळं माझ्याकडे, म्हणून सकाळी साहेबांनी बोलावून सांगितलं, "लोगों को बोल दीजिए, ऐसा कुछ नहीं है. आप पर भरोसा करते हैं वो." मी उठायला लागले, तर वर म्हणतात, "थोड़ा दिल से बोलिए मैडम. आंख में पानी आ जाए तो भी चलेगा."

केबिनमध्ये येऊन मी खरंच सराव केला, आई. 'आपण सगळे एक परिवार आहोत' इथपर्यंत आले आणि डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्याच खोट्यावर मला रडू येत होतं! तेव्हाच मला तो पांढऱ्या बुटांचा कॅप्टन आठवला.

तुला आठवतो ना? रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. आपल्या पारा-मोहल्ल्यातले जयंतीचे कबड्डीचे सामने तेच, मैदान तेच, पण त्या वर्षी स्टेजवर पाहुण्यांची ही गर्दी. तू रेल्वेच्या ऑफिसातून थेट मैदानावर यायचीस आणि पदर खोचून चुन्याच्या रेषेजवळ बसायचीस. बाकीच्या बायका काय म्हणतील याची तुला कधी फिकीर नव्हती. टीव्हीवरचा सामना तुला आवडायचा नाही. म्हणायचीस, "तिथं कॅमेरा दाखवन तेच पाहा लागते. इथं आपल्या मनानं पाह्यता येते."

पांढऱ्या बूटवाल्याची टीम त्या दिवशी कितीतरी पुढे होती. त्याला झालेला स्पर्श पंचाला दिसला नाही. त्याने स्वतःच हात वर केला, कान धरले, स्टेजकडे वळून वाकला आणि मग बाहेर गेला. मैदान नुसतं दणाणलं. मी तळवे लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या, आणि तू माझे हात धरून खाली केलेस.

"काहून वाजवून राहिली? इतकं पुढं असल्यावर कोणीबी हात उचलन. अन् तोंड कुठं आहे त्याचं, ते पाह्य."

मी तुझ्यावर रुसले होते. तुला कोणाचं चांगलं बघवतच नाही, असं वाटलं होतं मला.

मग फायनल. आपल्या पाऱ्याची टीम, कॅप्टन मधुकरदादा. गुण बरोबरीत, सामना संपत आलेला. समोरच्या रेडरचं बोट दादाच्या टाचेला ओझरतं लागलं आणि तो परत पळाला. लागलं हे त्या रेडरलाही कळलं नव्हतं. मधुकरदादाने हात जेमतेम छातीपर्यंत नेला, पंचाला म्हणाला, "लागला," आणि रेषेबाहेर जाऊन बसला. कान नाही, स्टेज नाही. त्याच एका गुणाने आपण हरलो.

लोक शिव्या देत होते आणि तू माझी हनुवटी धरून तोंड त्याच्याकडे फिरवलंस. "आता पाह्य. बाहेर बसल्यावर कॅप्टन काय करते, ते पाह्य." तो बसल्या जागेवरून एकेका पोराला नावाने हाक मारून सांगत होता, पाय सांभाळ, कोपरा सोडू नको. सामना संपल्यावरही तो निघून गेला नाही. ज्याला जे बोलायचं होतं ते त्याने उभं राहून ऐकून घेतलं.

पुढच्या वर्षी त्याला कॅप्टन केलं नाही. तू मला कोपराने ढोसून विचारलंस, "सांग, कॅप्टन कोन आहे?" मी नव्या पोराचं नाव सांगितलं. तू हसलीस. रेडला जाण्याआधी एकेक पोरगा मधुकरदादाकडे बघत होता, हे मला तू दाखवल्यावर दिसलं.

पण आई, रेषेबाहेर बसून हे सांगणं तुला सोपं होतं. फायनल हरून तो घरी गेला तेव्हा त्याची बायको काय म्हणाली, हे तू कधी सांगितलंस का? दुसऱ्या दिवशी पाऱ्यातून तो कसा चालत गेला? कबड्डीत बाद झालेला परत आत येतो. इथून मला काढलं तर उरल्यातल्या दुसऱ्या कुठल्या मिलमध्ये मला कोण आत घेणार आहे? मला भीती वाटतेय. हे तू शिकवायचं राहूनच गेलं.

जेवणाच्या सुट्टीत फर्नेसवरचा धनीराम दारात येऊन उभा राहिला. हेल्मेट हातात, आत यायला तयार नाही. "दीदी, बाजू के प्लांट में जगह निकली है. शाम तक हां-ना बोलना है. आप जो बोलोगे, वही करूंगा."

मी म्हटलं, "चार बजे बताती हूं."

"हव," म्हणाला आणि गेला. एक शब्द जास्त विचारला नाही. त्याने विचारलं असतं, माझ्यावर संशय घेतला असता, तर मला बरं वाटलं असतं.

मी खोटं बोलले तर तो ती जागा सोडेल, आणि पुढच्या महिन्यात त्याच्याकडे दोन्हीपैकी एकही काम नसेल. मी खरं बोलले तर कदाचित माझंच इथलं काम संपेल. सकाळपासून हेच उलटसुलट चाललंय डोक्यात.

गेटवर आवाज वाढलाय. माणसं जमायला लागली.

माझं भाषण मी काढून टाकलंय, परिवारासकट. राहिलंय ते एवढंच: शिफ्ट बंद होणार आहे, आणि ज्याला दुसरीकडे जागा मिळतेय त्याने ती घ्यावी.

तुला शब्द देते. रडणार नाही, कान धरणार नाही. बोलताना धनीरामकडे बघेन, साहेबांच्या खिडकीकडे नाही. आणि बोलून झाल्यावर केबिनमध्ये परत येणार नाही. गेटजवळच्या कट्ट्यावर बसेन, शेवटच्या माणसाचं विचारून होईपर्यंत, शिव्या देऊन होईपर्यंत.

डबा बरोबर नेतेय. तिथेच बाहेर बसून जेवेन.

तुझी पोट्टी,
सुजाता