बिनवासाचं तेल

२ नोव्हेंबर १९५४, जळगाव

पुन्हा नाही! नानांनी वाटी नाकाशी धरली आणि माझं शुद्ध केलेलं सरकीचं तेल ओट्यावरूनच परत. "ह्याले वासच नही. हाई तेल शे का पानी?" तिसरी वेळ ही! अहो, वास काढायलाच तर ते यंत्र आणलं! वडील आहेत म्हणून वाटी उचलून निघालो.

आई मागे शेंगा निवडत होती. नुसती खोकली. तिला काय त्याचं!

७ नोव्हेंबर

धुळ्याहून तेलाचे व्यापारी बन्सीलालशेठ आले; त्यांना माझं बिनवासाचं तेल हवंय. "महिनाभर थांबतो, मग दुसरी गिरणी बघतो." यंत्र ताडपत्रीखाली पडून आहे. खवट तेलाचा घाणा नानांनी हुंगून परत केला की गावभर कौतुक. त्या नाकाचा राग राग येतो मला.

१४ नोव्हेंबर

चिडचिड. कशात मन नाही.

२१ नोव्हेंबर

हंगामाची पंगत. भरीत, कळण्याची भाकरी, वर नव्या शेंगदाणा तेलाची कच्ची धार. नानांनी पहिला घास घेऊन "जाऊ द्या" म्हटल्यावरच डबे गाडीवर चढतात.

घाईत मुकादम निंबाभाऊंनी माझ्या नमुन्याचाच डबा उघडला! मला कळलं तोवर धार पडून गेली होती. नानांनी घास हुंगला, डोळे मिटले. "वा! काय वास शे शेंगदाण्याना! जाऊ द्या!"

निंबाभाऊंनी गुपचूप डबा बदलला. मी मनात उड्या मारत होतो — जिंकलो!

२२ नोव्हेंबर

जिंकलो कसला! वास नसलेल्या तेलाला वास आला — म्हणजे नानांना वासच येत नाही. मग खवट माल ओळखतं कोण?

आई. ती मागे खोकली की वाटी परत जाते. काल ती लांब भाकरी वाढत होती. मला तीन वेळा नाही म्हणणारी आई होती! संताप आला.

२३ नोव्हेंबर

आईला विचारलंच. तिच्या हातातलं पाखडायचं सूप थांबलं नाही. "दोन सालपाईन त्यासले वास येस नही. कोणले सांगू नको."

"पण माझं तेल का अडवलंस?"

"बिगरवासनं तेल चालू व्हयनं, ते सकायले उठीसन तुना नानानी कोठे जावानं?"

दिवसभर गिरणीत नुसता फिरत राहिलो.

५ डिसेंबर

आई भडगावला मावशीकडे. बन्सीलालशेठनी स्वतः माझ्या तेलाची वाटी नानांपुढे ठेवली. मागे शेंगा निवडत मी बसलो होतो. नुसतं गप्प राहायचं होतं.

खोकलो.