मागच्या सायकलवर ऐकू येते ते

बाबा,

वाऱ्याच्या तोंडावर दोन सायकली एकामागोमाग चालल्या असल्या की एक गंमत होते, आणि ती बहुतेकांनी कधी ना कधी अनुभवलेली असते. पुढचा मान न वळवता साध्या आवाजात काही बोलतो आणि मागच्याला ते शब्द न् शब्द कळते. मागचा उत्तर देतो, अगदी ओरडून देतो, तरी पुढचा विचारतो, "काय?" दोघांमधले अंतर तेवढेच असते, मग एकालाच का ऐकू यावे? मिरजेहून सांगलीला कॉलेजला जाताना दोन वर्षे हे कोडे रोज माझ्यासमोर होते. ते मी तुम्हाला कधी विचारले नाही, कारण विचारले असते तरी तुम्ही "काय?" असेच म्हणाला असतात.

आता ते कोडे उलगडून सांगणे हा माझा व्यवसाय झाला आहे. इथे नोव्हायमध्ये, अमेरिकेतल्या मोटारींच्या कारखान्यांच्या या पट्ट्यात, धावत्या गाडीवरून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाज आत बसलेल्याच्या कानापर्यंत किती पोहोचतो ते मी मोजते. तुम्ही गेलात तेव्हा मी या कामात नवखी होते; सतरा वर्षांनंतर आता नवख्यांना शिकवते. पहिल्याच दिवशी त्यांना सांगते की वारा शब्द वाहून नेतो ही समजूत मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खरी असते, पण दोन हातांच्या अंतरावर तिला फारसा अर्थ नाही. खरे कारण कानापाशीच असते. पुढच्याच्या कानांवर वारा थेट आपटतो, पाळीभोवती त्याचे भोवरे होतात, आणि त्या भोवऱ्यांची घरघर एवढी असते की मागून आलेले शब्द तिच्यात बुडून जातात. मागचा मात्र पुढच्याच्या आडोशात असतो. त्याचे कान शांत असतात. हे सांगताना मला अजूनही इतका आनंद होतो की फळ्यावर कान काढताना मी खडू मोडते.

आणि तरीही, बाबा, आपल्या शेवटच्या फोनवर तुम्ही मला काहीतरी विचारलेत आणि ते मला कळले नाही. मी "हो बाबा" म्हटले. पाचव्या दिवशी तुम्ही गेलात. आईने नंतर विचारले, "काय बोलणं झालं गं तुमचं?" मी सांगितले की लाइन खराब होती, नुसती खरखर होती. ज्याने ज्याने विचारले त्याला मी आजवर हेच सांगत आले आहे. मी कशाला "हो" म्हटले हे मला माहीत नाही, आणि आता कळण्याचा कोणताही मार्ग नाही.

त्या रस्त्याबद्दल आधी लिहायला हवे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येई आणि सांगलीला जाताना तो थेट तोंडावर बसे. तुम्ही साखर कारखान्यात इंजिनियर, दाराशी स्कूटर, तरी माझ्याबरोबर सायकलने निघायचात. आई म्हणायची, "स्कूटर काय पूजेला ठेवलीय?" तुम्ही म्हणायचात, "व्यायाम होतो." एकदा मी पायडल मारत तुमच्या शेजारी आले. आदल्या दिवशी वर्गात काय झाले ते मला सांगायचे होते. तुम्ही एकदम खेकसलात, "बाजूला कशाला येतेस? मागे राहा. चाकाला चाक!" मी मागे गेले आणि सांगलीपर्यंत एक शब्द बोलले नाही. माझ्याशी बोलायची तुमची इच्छा नाही, असा अर्थ मी काढला होता. तुम्ही मात्र पुढे बघत बोलतच होतात. उसाचा रस उकळताना फेस का येतो, ते सांगत होतात. ते सगळे मला ऐकू येत होते. परतताना वारा पाठीशी असायचा आणि मी एकटी यायची. त्या वेळी तुम्ही कधीच बरोबर नसायचात, याचा विचारही मी केला नव्हता.

मग ती वही. कारखान्याने तरुणपणी तुम्हाला ऊस गाळण्याच्या यंत्रांचे शिक्षण घ्यायला दीड वर्ष स्कॉटलंडला धाडले होते. शनिवारी दुपारी त्या गावात दोनच जागी माणसे भेटत, दारूच्या गुत्त्यात नाही तर फुटबॉलच्या मैदानावर, आणि पहिली जागा तुम्हाला चालण्यासारखी नव्हती. म्हणून तुम्ही सर्वांत खालच्या श्रेणीतल्या संघांचे सामने पाहू लागलात. खेळाडू आठवडाभर सुतारकाम करणारे, टपाल वाटणारे. प्रेक्षक इतके थोडे की खेळाडूला नावानिशी शिव्या घालता येत आणि तोही उलटून उत्तर देई. चौकटीच्या वहीत तुम्ही एकेका मैदानाला एकेक पान दिलेत: छपराची बाजू, गवताचा बांध, उताराचा बाण, वाऱ्याचा बाण, आणि तुम्ही उभे होतात तिथे एक फुली. उतार मोजायला खिशात छोटी पाणसळ असे. ती गोलामागच्या भिंतीवर ठेवून तुम्ही वाकलात, तेव्हा एका म्हाताऱ्याने विचारले होते, "तू पंच आहेस की गवंडी?" तुम्ही त्याला सगळे समजावून सांगितलेत. नाणेफेक जिंकणाऱ्याने पूर्वार्धात चढ घ्यावा, म्हणजे पाय दमल्यावर उतार मिळतो. तो म्हणाला होता, "आम्हाला उतारावरही गोल होत नाही, बाळा."

आणि तो कागदी पेला! मध्यंतराला मिळणारे ते तपकिरी, खारट, कढत पेय तुम्ही एक अख्खा हिवाळा भाज्यांचे सार समजून प्यायलात. ते गोमांसाच्या अर्काचे असते हे घरमालकिणीने सांगितले तेव्हा कुठे कळले. हा किस्सा सांगताना तुम्ही दर वेळी शेवटी जोडायचात, "त्यानंतर नुसते हात शेकायचो." आणि आतून आईचा आवाज यायचा, "नुसते हात म्हणे!"

मी इकडे आले त्या पहिल्या वसंतात सहकाऱ्याच्या घरी टीव्हीवर युरोपातली सायकलशर्यत पाहिली. लांबलचक ओळ होती, प्रत्येकाचे पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला जवळजवळ टेकलेले. कोणीतरी सांगितले की संघाच्या मुख्य खेळाडूला वारा लागू नये म्हणून त्याचे सोबती दिवसभर त्याच्यापुढे सायकल चालवतात, आणि शेवटच्या चढाला दमून मागे पडतात. शेवटच्या रेषेवर त्यांच्याकडे कोणी बघतही नाही. पुढच्या शनिवारी हे मी तुम्हाला फोनवर सविस्तर सांगितले. तुम्ही शांतपणे ऐकलेत आणि विचारलेत, "मग त्या पुढच्याला काय मिळतं?"

"पगार मिळतो, बाबा."

"बरं आहे त्याचं. मला तोही नव्हता."

"चाकाला चाक" म्हणजे काय होते ते मला त्या क्षणी कळले. पण मी ते बोलले नाही. मी म्हटले, "कार्ड संपत आलंय, ठेवू का?" आपल्या घरात असल्या गोष्टी समजावून सांगता येतात, बोलता येत नाहीत.

त्यानंतर शनिवार ठरून गेला. इथे सकाळी शर्यत संपत असताना तिथे तुमची जेवणे झालेली असत. मी तुम्हाला स्कॉटलंडच्या तळातल्या संघांचे निकाल वाचून दाखवायची. तुम्ही विचारायचात, "वारा कुठून होता?" मी म्हणायची, "बाबा, इथे नुसता स्कोअर दिलाय." "मग अर्धीच बातमी झाली," असे म्हणून तुम्ही पुढचा निकाल मागायचात.

त्या शेवटच्या शनिवारी संगणकावर सायकलशर्यतीचा डोंगरातला टप्पा चालू होता. आवाज मी बंद केला होता. एकटाच एक खेळाडू सकाळपासून पुढे निघालेला, आणि मागून सगळा घोळका येत होता. अशा वेळी घोळका बहुधा जिंकतो, कारण घोळक्यात वारा वाटून घेता येतो आणि एकट्याला तो सगळा स्वतःच खावा लागतो. गणित सरळ आहे, तरी दर वेळी वाटते की आज हा सुटेल. तुम्ही वहीविषयी काही बोलत होतात, मग उन्हाळ्याविषयी, मग मला काहीतरी विचारलेत. मी "हो बाबा" म्हटले. तुम्ही म्हणालात, "बरं झालं. मग ठेवतो." तेवढ्यात तो माणूस रेषेच्या अगदी अलीकडे पकडला गेला.

मी हा प्रश्न माझ्या पद्धतीने सोडवून पाहिला आहे. "हो" ऐकून तुम्ही "बरं झालं" म्हणालात, तेव्हा प्रश्न होकाराने समाधान होईल असा होता. वहीचा विषय निघाला होता, म्हणजे कदाचित "वही तू ठेवशील का?" उन्हाळ्याचा विषय निघाला होता, म्हणजे कदाचित "मेमध्ये येशील ना?" शक्यता कागदावर मांडल्या, एकेक खोडत गेले, आणि या दोनांपुढे कधी सरकले नाही. पहिली खरी असेल तर वही माझ्याकडे आहे. खूप नंतर मी घरी आले तेव्हा आईने ती माझ्या बॅगेत घातली. दुसरी खरी असेल तर मी आले नाही. तुम्ही गेलात तेव्हा व्हिसाची मुदतवाढ अडकलेली होती, आणि बाहेर पडले तर परत येता येईल याची हमी वकील देईनात. मी त्यांना तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा त्यांनी मला फार नीट समजावून सांगितले. आता माझ्याकडे असा पासपोर्ट आहे की उद्या सकाळी कुठेही जाता येईल.

गेल्या शनिवारी तुमच्या वहीतल्या नवव्या पानावरच्या मैदानात शेवटचा सामना होता. जागा विकली गेली आहे, तिथे घरे होणार. क्लब एका खांबावरच्या कॅमेऱ्यातून सामना दाखवतो. मी वही शेजारी उघडून बसले. तुमचा उताराचा बाण बरोबर होता. चेंडू सुटला की त्याच कोपऱ्याकडे जायचा. निशाणावरून वाराही तुमच्या बाणाच्याच दिशेने होता, समुद्राकडून. खालच्या गोलामागे, तुमच्या फुलीच्या जागी, टोपीतला एक म्हातारा कागदी पेल्यावर हात शेकत उभा होता. माइकवर फोमची टोपीसुद्धा नव्हती, त्यामुळे दीड तास नुसती घरघर ऐकू आली. ती घरघर मी आयुष्यभर मोजली आहे, कमी करायला पैसे घेतले आहेत. त्या दिवशी ती बंद करावीशी वाटली नाही.

तुमची नात पायऱ्या उतरून आली. ती पंधरा वर्षांची आहे, तिने तुम्हाला पाहिलेले नाही.

"आई, सिरियसली? स्कोअर झीरो-झीरो आहे. कोण रडतं याच्यावर?"

"रडत नाही गं. वारा ऐकतेय."

"दॅट्स नॉट विंड. दॅट्स अ बॅड माइक."

"दोन्ही एकच आहे."

तिने फुलीवर बोट ठेवून विचारले, "हे काय?" मी सांगू लागले: पाणसळ, उतार, नाणेफेक. ती सगळे ऐकून म्हणाली, "ओके, पण ते तिथे कोणाबरोबर होते?" बाबा, हे मी तुम्हाला कधी विचारलेच नव्हते. नऊ पानांवर नऊ मैदाने आहेत आणि प्रत्येकावर एकच फुली आहे. मी तिला म्हटले, "एकटे." सामना संपला, माणसे मैदानात उतरून गवताचे तुकडे उपटून खिशात घालू लागली, आणि मी इथे खुर्चीत बसून होते. मला त्यातले काहीच थांबवता येत नव्हते, एक तुकडाही उचलता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी जोराचा वारा होता. मी तिला शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेले, वाऱ्याकडे तोंड करून माझ्यापुढे चालायला लावले आणि सांगितले की मागे न वळता काहीही बोल. ती साध्या आवाजात म्हणाली, "माझे कान गळून पडतायत, आणि माझी आई वेडी आहे."

"ऐकलं बरं का!" मी ओरडले.

"व्हॉट?"

हे पत्र मी वहीत, नवव्या पानाशी ठेवते आहे. त्याआधी एवढे लिहून टाकते. त्या शनिवारी लाइन खराब नव्हती. अगदी स्वच्छ होती. तुम्ही "बरं झालं" म्हणालात त्यानंतरचा तुमचा श्वाससुद्धा मला आठवतो. मी पडद्यावरच्या त्या एकट्या माणसाकडे बघत होते.

ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने वाऱ्याच्या दिवशी मोकळ्या जागी जावे. आपल्या माणसाला वाऱ्याच्या तोंडावर दोन हात पुढे चालू द्यावे, आणि मागे न वळता, नेहमीच्या आवाजात काहीतरी विचारायला सांगावे. आडोशात असलेल्याला ऐकू येते. फक्त त्या वेळी दुसरीकडे बघू नये.